शत्रूच्या पोटातील कैदी

खेळातील शत्रू मारण्यासाठीच असतो, ही समजूत तपासण्यासाठी मी सेगा कंपनीच्या १९९१ सालच्या ‘सॉनिक द हेजहॉग’ या जपानी व्हिडिओ गेममधील ‘मोटो बग’ निवडला आहे. ढालकिड्यासारखे दिसणारे हे यंत्र एका चाकावर धावते. सॉनिक त्याच्यावर नुसता आदळला, तर त्याच्याजवळची सोनेरी कडी उधळतात. कडी नसतील तर प्राण जातो. मात्र अंग चेंडूसारखे गुंडाळून धडक दिली, की यंत्र फुटते आणि डॉ. रोबोटनिकने आत कोंडलेला प्राणी उड्या मारीत निघून जातो. म्हणजे शत्रू हे केवळ कवच. आत असतो कैदी. प्रहार कशावर करावा आणि वाचवावे कोणाला, हा विवेक माझ्या मते या खेळाचे खरे मर्म होय.