मिहानमध्ये नोकरी, घर कुठे?

प्रश्न : मुलीला मिहानमध्ये पहिली नोकरी लागली आहे. कन्हानहून रोजचं जाणंयेणं तिला झेपत नाही. नागपुरात परवडणारा किरायाचा फ्लॅट कसा शोधावा?
– एक पालक, कन्हान

उत्तर : मुलीचं मनापासून अभिनंदन! घर ऑफिसजवळच हवं, हा आग्रह सोडा. मेट्रोची ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकातून थेट मिहानजवळच्या खापरीपर्यंत जाते. म्हणून नारी रोड, इंदोरा या स्टेशनांपासून पायी अंतरावर शोधा. तिथून कन्हानही जवळ पडेल. खापरीहून कंपनीपर्यंत जायची सोय मात्र आधी विचारून घ्या.

नुसता किराया पाहू नका. मेंटेनन्स, वीजबिल, मेट्रोचं तिकीट आणि दलाली जोडूनच दोन घरांची तुलना करा. सहकारी मैत्रिणींसोबत फ्लॅट घेतला तर खर्च वाटला जातो. घर भर दुपारी पाहा. वरच्या मजल्याचा स्लॅब उन्हाळ्यात तापतो. कूलरला जागा आणि पुरेसं पाणी आहे का, तपासा.

घर न पाहता ऑनलाइन टोकन देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा; नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. डिपॉझिट कधी परत मिळेल, त्यातून काय कापलं जाईल, हे करारातच लिहून घ्या.

करार अकरा महिन्यांचाच करा, म्हणजे गरज संपली की घर सोडता येईल. मेट्रोच्या मंजूर दुसऱ्या टप्प्यात ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान नदी हा मार्ग आहे. तो सुरू झाला की घरूनच जाणं सोपं होईल.