गळ, होडी आणि भरतीचे पाणी

मराठीत 'हौस' हा शब्द तुम्ही पुष्कळदा वाचला असेल. हा शब्द मूळचा अरबी 'हवस' आहे. उर्दूत 'हवस' म्हटले की हाव, लालसा असा वाईट अर्थ मनात येतो. मराठीत मात्र हौस म्हणजे शौक. जे काम पोटासाठी नव्हे, तर आवडीसाठी केले जाते, ते हौसेचे काम. अशाच एका हौसेची माहिती आज आपण घेणार आहोत.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर कोळी, खारवी, दालदी असे अनेक समाज मासेमारी करतात. ती त्यांची रोजी आहे. समुद्र हेच त्यांचे शेत. परंतु इंग्लंडच्या किनाऱ्यावर आणखी एक प्रकारचे मच्छीमार दिसतात. त्यांच्यात कोणी शिक्षक असतो, कोणी सुतार, कोणी बँकेतील कारकून. आठवडाभर ही मंडळी आपापले काम करतात आणि रविवारी गळ घेऊन समुद्रावर जातात. किनाऱ्यावरील बहुतेक गावांत त्यांचे क्लब असतात. सभासद वर्गणी भरतात, स्पर्धा घेतात, कोणाचा मासा मोठा हे काट्यावर तोलून ठरवतात आणि वर्षाच्या शेवटी जिंकणाऱ्याला चषक देतात.

सगळ्यांकडे होडी नसते. काही जण धक्क्यावर किंवा वाळूत उभे राहूनच गळ टाकतात. क्लबमध्ये दहा-पंधरा जणांकडे होड्या असल्या, तर प्रत्येक मालक आपल्याबरोबर दोघा-तिघांना नेतो. ही होडी पाच-सहा मीटर लांबीची, फायबरची असते. मागे पेट्रोलवर चालणारे इंजिन. होडी समुद्रात कायम उभी नसते. ती मालकाच्या घरी अंगणात, चाकांच्या गाड्यावर ठेवलेली असते. रविवारी तो गाडा मोटारीला जोडायचा, समुद्रापर्यंत ओढत न्यायचा आणि सिमेंटच्या उतरणीवरून होडी पाण्यात सोडायची. परत आल्यावर इंजिनातून गोडे पाणी फिरवावे लागते, नाहीतर खारे पाणी ते आतून खाऊन टाकते. मासे पकडायला दोन तास आणि होडीची उस्तवार करायला चार तास! पेट्रोलचा खर्च सोबती वाटून घेतात. परंतु मालकाने भाडे घेऊन माणसे नेली, तर ती धंद्याची होडी ठरते आणि तिची वेगळी तपासणी करून घ्यावी लागते.

प्रत्येक होडीला मालक हौसेने नाव देतो. येथे मराठीची एक गंमत लक्षात ठेवा. 'ती नाव' म्हणजे होडी आणि 'ते नाव' म्हणजे नाम. म्हणून 'नावेचे नाव' असे म्हणता येते. लिंग चुकले तर अर्थ बदलतो.

आता एक गोष्ट ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. इंग्लंडमध्ये मोटार चालवायला परवाना लागतो. पण स्वतःची छोटी होडी समुद्रात न्यायला परवाना लागत नाही. होडीवरचा रेडिओ वापरण्यासाठी मात्र प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे एखाद्याने शनिवारी होडी विकत घेतली आणि रविवारी समुद्रात नेली, तर कायदा त्याला अडवत नाही. समुद्र मात्र अडवतो. मला विचाराल तर अशा क्लबचा खरा उपयोग चषकासाठी नाही, यासाठीच आहे. जुने सभासद नव्या मालकाला पहिले काही महिने आपल्या डोळ्यांसमोर ठेवतात आणि एकेक गोष्ट शिकवतात.

पहिला धडा भरती-ओहोटीचा. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे लागतात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे सारे मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते, आणि चंद्राचा हिशेब तुम्हांला शिकवायला नको. ईदचा चाँद ज्या दिवसांत दिसतो, त्याच दिवसांत समुद्राला उधाण असते. चौदहवीच्या चाँदनंतरही तसेच. चांद्र महिन्याच्या आठ-नऊ तारखेच्या सुमारास पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्या भरतीला मराठीत 'भांगाची भरती' म्हणतात.

इंग्लंडच्या पश्चिमेस ब्रिस्टलची खाडी आहे. तेथे उधाणाच्या वेळी एव्हनमथ बंदरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे १४ मीटरांचा फरक पडतो. म्हणजे चार मजली इमारत बुडेल एवढे पाणी सहा तासांत येते आणि पुढच्या सहा तासांत निघून जाते. मुंबईत हा फरक मोठ्या उधाणालाही पाच मीटरांच्या आसपास असतो. त्याच खाडीवरील वेस्टन-सुपर-मेअर या गावी ओहोटीला समुद्र दीड किलोमीटरहून अधिक मागे हटतो. मागे उरतो तो चिखल, आणि त्यात रुतलेल्या माणसांना सोडवायला पथके धावतात.

पाणी सगळा वेळ सारख्या वेगाने चढत नाही. जुने नाविक यासाठी बारा हिश्शांचा एक नियम सांगतात. समजा, पाणी एकूण बारा मीटर चढणार आहे. पहिल्या तासात ते एक मीटर चढेल, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. हा अंदाज आहे, पण कामाचा आहे. मधल्या दोन तासांतच सहा मीटर पाणी हलते. तेव्हाच प्रवाहाचा जोर सर्वांत जास्त असतो.

आता समजा, तुम्ही अशा एका क्लबचे सभासद आहात. सकाळी नऊ वाजता भरती आहे. होडी सोडायच्या उतरणीवर भरतीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तासच पाणी असते. तुम्ही साडेसहाला निघालात. साडेअकराच्या आत परत आला नाहीत, तर उतरणीपुढे चिखल उघडा पडेल. पुढची भरती रात्री नऊ पंचवीसला. म्हणजे सायंकाळी सातच्या सुमारास तुम्हांला होडी वर काढता येईल. काही सभासद मुद्दाम तेवढा वेळ बाहेर राहतात. त्यांच्याजवळ पाणी, जेवण, पेट्रोल सारे असते. पण ज्याने 'आणखी एकच मासा' म्हणत उशीर केला, त्याचे काय? पेट्रोल थोडे, वारा वाढतो आहे, आणि दिवस अजून संपत नाही. म्हणून निघण्यापूर्वी किनाऱ्यावरील कोणाला तरी सांगून जायचे, की आम्ही कुठे जात आहोत, किती जण आहोत आणि किती वाजता येऊ.

मासे पकडायचे तर होडी एका जागी थांबली पाहिजे. त्यासाठी 'लंगर' टाकतात. उर्दूतल्या लंगरला मराठीत 'नांगर' म्हणतात. शेतकऱ्याचाही नांगर आणि खलाशाचाही नांगर! नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट हवी. ती नेहमी होडीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला बांधायची. नवा माणूस कधी कधी सोय म्हणून मागच्या बाजूला बांधतो, आणि येथेच घात होतो. इंजिनाच्या वजनाने होडीची मागची बाजू आधीच खाली असते. प्रवाहाला जोर चढला की पाणी मागून आत शिरते आणि होडी पाहता पाहता भरते.

खडकांत नांगर अडकला तर? अनुभवी लोक आधीच एक युक्ती करून ठेवतात. नांगराची साखळी ते वरच्या कडीला पक्की जोडत नाहीत. ती खालच्या टोकाला पक्की जोडून, वरच्या कडीपाशी कच्च्या दोरीने बांधतात. नांगर अडकला की इंजिनाचा जोर लावायचा. कच्ची दोरी तुटते, आता ओढ खालच्या टोकाला बसते आणि नांगर उलटा निघून येतो. कच्च्या दोरीचाही असा उपयोग असतो!

समुद्रावर निघण्याआधी हवामान ऐकायचे. यामागे एक मोठी दुर्घटना आहे. १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' नावाचे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटले आणि सुमारे साडेचारशे माणसे बुडाली. रॉबर्ट फिट्झरॉय हे तेव्हा ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. चार्ल्स डार्विनला जगप्रवासाला नेणाऱ्या 'बीगल' जहाजाचे ते कप्तान होते. त्यांनी १८६१ मध्ये तारेने वादळाची सूचना बंदरांना पाठवण्यास सुरुवात केली. ती मिळाली की बंदरावर खूण चढवली जाई. आपल्या रत्नागिरी, मुंबई या बंदरांवर आजही धोक्याचा बावटा लावतात. सांगायचे म्हणजे, 'बंदर', 'दर्या', 'तुफान', 'सुकाणू' हे मराठी शब्द फारसी-अरबीतूनच आले आहेत. 'नाखवा' हा तर तुमचा 'नाखुदा'! अरबीतल्या 'मौसिम'वरूनच युरोपीय लोकांनी 'मॉन्सून' हा शब्द घेतला.

मासेही थोडे पाहू. उन्हाळ्यात मॅकरेल मिळतो. तो आपल्या बांगड्याचा विलायती चुलतभाऊ आहे. एका दोरीला पाच-सहा गळ आणि त्यांना रंगीत पिसे बांधली की तो पिसांनाच छोटे मासे समजून तोंड घालतो. इतर माशांसाठी आमिष लागते. उर्दूत त्याला 'चारा' म्हणतात. ओहोटीला ओल्या वाळूत फावड्याने खणून किडे काढायचे आणि ते गळाला लावायचे. मानाचा मासा म्हणजे बास. तो हळूहळू वाढतो आणि अंडी घालण्याइतका मोठा व्हायला त्याला काही वर्षे लागतात. बास फार कमी झाले, म्हणून २०१५ मध्ये नियम बदलला. पूर्वी ३६ सेंटिमीटरचा मासा ठेवता येत असे. आता निदान ४२ सेंटिमीटर लांबी लागते. क्लबच्या होडीत म्हणूनच मोजपट्टी असते. मासा एक सेंटिमीटरने लहान भरला, तरी ओल्या हातांनी गळ काढून त्याला परत पाण्यात सोडायचे. हात कोरडे असतील, तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो जगेलच याची खात्री राहत नाही. हौशी माणसाला मासे विकताही येत नाहीत. विकायचे तर होडीला मासेमारीचा परवाना लागतो. आपल्याकडेही २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेट, सुरमई अशा माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे.

आणि इतके करूनही संकट आले तर? प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट हवे. ते होडीच्या पेटीत असून उपयोग नाही. इंग्लंडचे पाणी आपल्यासारखे कोमट नसते. हिवाळ्यात ते आठ-दहा अंशांपर्यंत उतरते. अशा पाण्यात अचानक पडलेला माणूस पोहता येत असले तरी धापा टाकू लागतो आणि पाणी गिळतो. तेव्हा हातपाय न मारता पाठीवर तरंगत राहायचे. एक-दोन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. मग रेडिओच्या सोळा नंबरच्या वाहिनीवर मदत मागायची.

मदतीला कोण येते? ब्रिटनमध्ये जीवरक्षक होड्यांची एक संस्था आहे. सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने ती १८२४ मध्ये स्थापन झाली. ती मुख्यतः लोकांच्या देणगीवर चालते. तिच्या होड्यांवरील बहुतेक माणसे स्वयंसेवक असतात. कोणी दुकानदार, कोणी मच्छीमार. निरोप येताच ते हातातले काम टाकून किनाऱ्याकडे धावतात.

१९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ 'युनियन स्टार' या मालवाहू जहाजाचे इंजिन बंद पडले. वादळ भयंकर होते. हेलिकॉप्टरने प्रयत्न केला, पण दोर जहाजापर्यंत पोहोचेना. तेव्हा माउसहोल या लहानशा गावातील आठ स्वयंसेवक 'सॉलोमन ब्राउन' ही लाकडी जीवरक्षक होडी घेऊन निघाले. लाटांशी झगडत ते जहाजाला भिडले आणि त्यांनी चार जणांना आपल्या होडीत घेतले. उरलेल्यांसाठी ते पुन्हा जहाजाकडे वळले. त्यानंतर त्यांचा निरोप आला नाही. जहाजावरील आठ आणि होडीवरील आठ, असे सोळा जण त्या रात्री गेले.

माउसहोलमध्ये नाताळाला बंदरभर रंगीत दिवे लावतात. दरवर्षी १९ डिसेंबरला सायंकाळी ते दिवे काही वेळ मालवले जातात.

स्वाध्याय

१. इंग्लंडमध्ये होडीसाठी परवाना लागत नाही. मग नव्या मालकाला कोण व काय शिकवते?
२. सकाळी पाच चाळीसला भरती असेल, तर पुढची भरती सुमारे किती वाजता येईल?
३. नांगराची दोरी होडीच्या मागच्या बाजूला का बांधू नये?
४. पाठात आलेले, उर्दूतही असणारे पाच शब्द शोधा. ज्यांचा अर्थ दोन्ही भाषांत वेगळा आहे, त्यांखाली रेघ मारा.
५. 'ती नाव' व 'ते नाव' यांचा उपयोग करून दोन वाक्ये लिहा.