बॅटरी बदलण्यापूर्वी चार्जिंग तपासा

सेल्फ मारला की नुसता टक्-टक् आवाज येतो, हॉर्न बसक्या आवाजात वाजतो आणि ग्राहक म्हणतो, "भाई, बॅटरी गेली, नवी टाका." आपण टाकतो. आठ-दहा दिवसांनी तीच गाडी ढकलत परत येते. मोटारसायकल, स्कूटर किंवा सेल्फचे छोटे जनरेटर दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांपैकी ज्याच्यावर हा प्रसंग आला नाही असा विरळाच. म्हणून या वेळी चार्जिंगचा दोष कसा शोधावा ते पाहू. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

सुरुवात बॅटरीपासूनच करावी. गाडी नुकतीच चालून आली असेल तर दोन मिनिटे हेडलाइट लावून बंद करावा आणि थोडे थांबून मोजावे, नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या वर दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. रिकामी असेल तर आधी बाहेरून चार्ज करावी, ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.९ अँपिअरच्या आसपास. मग सेल्फ मारताना मीटर पाहावा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय धरण्यास हरकत नाही.

आता इंजिन सुरू करून रेस थोडी वाढवावी. बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला. अशा बॅटरीचे पाणी वारंवार आटते. आकडा वाढलाच नाही, तर मात्र दोष पुढे शोधावा लागतो, आणि घाई इथेच नडते. पुष्कळजण सरळ आर. आर. युनिट बदलतात. त्याआधी फ्यूज आणि कपलर पाहावेत. जळून काळा पडलेला कपलर नुसत्या डोळ्यांना दिसतो.

तीन पिवळ्या वायरी असलेल्या मॅग्नेटच्या कॉइलचा कपलर सोडून, मीटर ए. सी. वर ठेवून, दोन-दोन वायरींत मोजावे. तिन्ही जोड्यांत जवळजवळ सारखा आकडा यावा आणि रेसबरोबर तो वाढावा. एक जोडी मागे राहिली तर कॉइल गेली. इंजिन बंद करून कोणतीही पिवळी वायर बॉडीशी जुळत नाही ना, हेही पाहावे. काही जुन्या गाड्यांत मात्र कॉइलचे एक टोक मुद्दाम अर्थ केलेले असते. तिथे ही कसोटी लावू नये.

आमची स्वतःची चूक सांगतो. मासळी विकणाऱ्या एका ग्राहकाला आम्ही दोन महिन्यांत दोन बॅटऱ्या विकल्या. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा रागावला नाही, एवढेच म्हणाला, "भाई, माझा धंदा सकाळचा आहे. गाडी चालू झाली नाही तर माल कोण घेणार?" त्या दिवशी नीट बसून तपासले. कॉइल उत्तम, तरी बॅटरीवर १२.७ च. मग मीटर डी. सी. वर ठेवून, इंजिन चालू असताना, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे रेग्युलेटरच्या बॉडीला लावले. तिथे पाव व्होल्टही नको, निघाला दीड! मासळीच्या खोक्यातले खारे पाणी ठिबकून अर्थचा बोल्ट आतून गंजला होता. वरून रंग शाबूत. बोल्ट घासला, एक जाड वायर थेट निगेटिव्हला दिली, आकडा १४.२ वर गेला. दुसऱ्या बॅटरीचे पैसे आम्ही परत केले.

असाच मीटर पॉझिटिव्हच्या बाजूनेही लावून पाहावा. चार्जिंग बरोबर असून बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर चावी बंद करून निगेटिव्ह वायरीत अँपिअर मीटर जोडावा. काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसले तर बाहेरून बसवलेला अलार्म किंवा लाइट आधी सोडून पाहावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ दाबू नये, त्याचा फ्यूज उडतो.

बॅटरी काढून इंजिन चालवून पाहण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तीही सोडावी, चांगले आर. आर. युनिट त्यात जळू शकते.

त्या ग्राहकाचे खोके अजून तिथेच ठिबकते. दर सर्व्हिसला आम्ही तो बोल्ट उघडून ग्रीस लावतो.