आधी चटई अंथर

वसई गाव,
रविवार, सकाळ

चि. सोनूस,


तू पाठवलेला पिंजऱ्याचा फोटो पाहिला. गुलाबी जाळी, दोन मजले, मधे प्लास्टिकची शिडी, आणि खाली लिहिलेलं माप : लांबी दीड फूट, रुंदी एक फूट. गिनीपिगच्या जोडीला हा चालेल का, शनिवारी पैसे भरायचे आहेत, असं विचारलंस. नको भरूस. का, ते आईबाबांनाही वाचता यावं म्हणून फोन न करता कागदावर लिहिते आहे.

गिनीपिग उंदरासारखा चढत नाही की माकडासारखा लोंबकळत नाही. तो पळतो. आखूड पायांवर, भिंतीच्या कडेकडेने, एका आडोशातून दुसऱ्या आडोशात. खूश झाला की कढईतल्या लाहीसारखा टुणकन उडतो आणि हवेतच वळतो. त्याला उंची देऊन उपयोग नाही, जमीन द्यावी लागते. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं ते खाण्यासाठी, पण ठेवलं मात्र स्वयंपाकघरात, चुलीच्या आसपास मोकळं. तिथे त्याला 'कुई' म्हणतात. आपल्याकडे त्याचं ओरडणं ऐकून कुणीही हेच नाव ठेवलं असतं.

आता माप. दोघांना कमीत कमी साडेसात चौरस फूट जागा लागते. मी म्हणेन, नऊ-दहा दे. तुझ्या फोटोतल्या पिंजऱ्याचा तळ भरतो दीड चौरस फूट. वरचा मजला हिशेबात धरायचा नाही. तेवढ्याशा जागेत गिनीपिगला धाव घेता येत नाही आणि त्या उभ्या शिडीवरून तो पडतो. तुमच्या विरारच्या वन बीएचकेमध्ये दहा फूट कुठून आणायचे, हा आईचा प्रश्न असणार आणि तो रास्त आहे. म्हणून एक कर. आपली सहा बाय तीनची चटई असते ना, ती मधोमध दुमड. झाली तीन बाय तीन, म्हणजे नऊ चौरस फूट. जिथे घर करायचा विचार आहे तिथे ती अंथर आणि आठवडाभर उचलू नकोस. पाहुणे आले तरी नाही, केर काढताना बाजूला सारायची तीही परत तिथेच. बाबा रात्री उशिराच्या लोकलने येतात, त्यांना तिच्यावरून वळसा घालून जावं लागतंय का, कपाटाचं दार अडतंय का, सगळं बघ. आठ दिवसांनी घरातल्या सगळ्यांना ती चटई चालत असेल तरच गिनीपिग आणायचे. चालत नसेल तर आणायचे नाहीत, लहान पिंजऱ्यात तर मुळीच नाहीत.

हे मी एवढ्या जोर देऊन लिहिते आहे त्याला कारण आहे. मी पहिल्यांदा गिनीपिग आणले तेव्हा दुकानात सांगितलं तोच पिंजरा घेतला. तळाला तारेची जाळी, जाळीखाली ट्रे. लेंड्या खाली पडतात, साफ करायला सोपं. मला ते पटलं, कारण सोय माझी होती. दोनेक महिन्यांनी तपकिरी मादी कोपऱ्यात अंग फुगवून बसायला लागली. कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला की आधी धावत यायची, ती जागची हलेना. उचलून उताणी केली. गिनीपिगच्या तळपायाला केस नसतात, आपल्या तळहातासारखी उघडी कातडी असते. तिच्या मागच्या दोन्ही पायांना ती लाल, चकचकीत, सुजलेली होती आणि डाव्या टाचेवर मटारएवढी काळी खपली होती. रात्रंदिवस तारेवर उभं राहून झालेली जखम. कित्येक आठवडे मलमपट्टी केली. जखम भरली, पण ती पुढे कधी नीट पळाली नाही. तो पिंजरा मी निवडला होता. म्हणून पहिली अट ही : तळ सपाट आणि भरीव हवा, जाळी नको.

असं घर बाजारात तयार शोधत बसू नकोस. क्लासच्या आणि निवडणुकीच्या जाहिराती ज्यावर छापतात ती सनपॅक शीट आण. तिचा तळ आणि कडेने सहा इंच उंच काठ दुमडून ट्रे कर. भोवती सव्वा-दीड फूट उंचीच्या, रॅकसाठी मिळणाऱ्या तारेच्या चौकोनी जाळ्या एकमेकींना बांध. जाळीची भोकं एवढी बारीक हवीत की डोकं अडकणार नाही. मांजर घरात शिरत असेल तर वरूनही जाळी टाक. माशांच्या काचेच्या टाकीत ठेवू नकोस, तिच्यात हवा खेळत नाही, लघवीचा उग्र दर्प साचतो आणि त्यांची छाती धरते. आत प्रत्येकाला एक खोका दे, आणि खोक्याला दोन दारं काप. एकच दार असलं की एक दुसऱ्याला आत कोंडतो. आंब्याची लाकडी पेटी वापरायचा मोह होईल, पण तिचे खिळे आणि कुसळं लागतात. पुठ्ठ्याचाच खोका बरा, कुरतडला तरी बिघडत नाही; त्यांचे दात जन्मभर वाढत असतात, काहीतरी कुरतडायला हवंच.

जागेबद्दल. गॅलरीत ठेवायचं नाही. आई म्हणेल, वास नको, गॅलरीत ठेव. पण तिथे एप्रिल-मेचं ऊन, जुलैचा तिरपा पाऊस, कावळे आणि मांजर, चारही येतात. या प्राण्याला थंड डोंगरांची सवय. अठरा ते चोवीस अंशांत तो मजेत असतो, अठ्ठावीसच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ते आणखी लवकर होतात. हॉलची, ऊन थेट न येणारी आतली भिंत बघ. पंख्याचा झोत अंगावर नको, टीव्हीच्या स्पीकरला लागून नको, डासांची कॉइल त्या खोलीत नको. उन्हाळ्यात कडप्प्याचा एक तुकडा आत ठेव. फरशीच्या कामातून उरलेला मिळतो. दुपारी दोघं त्याच्यावर अंग पसरून पडतात. फार उकडलं तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेव. लाळ गळत असेल, धाप लागली असेल तर उष्माघात समज. कान आणि पाय गार ओल्या फडक्याने पूस, बर्फाचं पाणी ओतू नकोस, आणि लगेच डॉक्टरांकडे ने. प्राणी घरात येण्याआधीच गिनीपिग पाहणारे डॉक्टर शोधून ठेव. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना त्यांची सवय नसते.

अंथरुणासाठी खाली वर्तमानपत्र, वर फ्लीसचं कापड. पावसाळ्यात ते तीन-तीन दिवस वाळत नाही, तेव्हा तीन जोड तरी हवेत. वालीवच्या गाळ्यांतून लाकडाचा भुसा फुकट आणून देतो म्हणणारं कुणीतरी भेटेल. घेऊ नकोस. प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायनं असतात, आणि देवदार-चीडच्या ताज्या भुशाच्या वासानेही त्यांना त्रास होतो.

आणि गवत. हे अंथरूण नव्हे, त्यांचं मुख्य जेवण. घराच्या एका कोपऱ्यात ते चोवीस तास भरलेलं हवं, म्हणून माप धरताना त्याचीही जागा धर. भाताचा पेंढा आणि सुकं गवत यांत गल्लत करू नकोस. पेंढ्यात कस नाही आणि त्याची टोकं डोळ्यात जातात. गवताच्या बाबतीत तू भाग्यवान आहेस, आपला वसईपासून डहाणूपर्यंतचा पट्टा गवताचाच. मुंबईच्या तबेल्यांना इथूनच गवताचे गठ्ठे जायचे, आणि ते कापणाऱ्या वारली आदिवासींनी 1945 साली मजुरीसाठी संप केला होता. दिवाळीनंतर कापून वाळवलेलं, हिरवट, सुवासिक गवत तबेलेवाल्यांमार्फत मिळतं. फवारणी झालेली नाही ना, एवढं विचारून घे. गोणपाटात, जमिनीपासून उंच ठेव. बुरशीचा वास आला तर सगळं फेकून दे, निवडत बसू नकोस. पावसाळ्यात पंधरा दिवसांचा साठा घरात हवाच. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, वीजही गेली, तेव्हा माझ्या ओसरीवर पाणी चढलं होतं. माझ्या दोन्ही गिनीपिग माद्या ओट्यावर टबात होत्या आणि माळ्यावर कोरडं गवत होतं म्हणून निभावलं. तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात, पाणी चढणार नाही, पण रस्ते बंद झाले की गवत कुठून आणशील?

एकटा मात्र ठेवू नकोस. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. दोन माद्या घे. दुकानात नर-मादी ओळखण्यात चुका होतात, तेव्हा घरी आणण्याआधी डॉक्टरांना दाखव. मादीला महिन्याभराच्या वयातही दिवस जाऊ शकतात, आणि मग तुझं नऊ फुटांचं घर पुरायचं नाही.

हे पाच ते आठ वर्षांचं काम आहे. तू आता आठवीत आहेस. बारावीच्या परीक्षेच्या दिवशीही सकाळी त्यांचं ओलं फडकं तुलाच बदलायचं आहे. आईवर टाकायचं नाही, हे आईसमोर कबूल कर.

शनिवारचे पैसे राहू देत. आज रविवार आहे, संध्याकाळी चटई अंथर. पुढच्या रविवारीही ती तिथेच असली तर मला फोन कर, मी सनपॅक शीट घेऊन विरारला येते.

तुझी,
आत्या