बातमीची बोली

भातकापणी आटोपली, की महाड व पोलादपूर तालुक्यांतील गावांना कबड्डीचे वेध लागतात. सामना पाहावयास आसपासच्या वाड्या लोटतात. परंतु गावचे कितीतरी लोक पोटासाठी मुंबईत राहतात. त्यांना तो सामना दिसतो वार्ताहराच्या डोळ्यांनीच. म्हणून कोणता संघ किती गुणांनी जिंकला, हे बातमीच्या आरंभीच आले पाहिजे. मग कोणाच्या चढाईने डाव फिरला, कोपऱ्यातून कोणी पकड केली, लोण केव्हा दिला, हे सांगावे. येथे वाक्ये आखूड हवीत. चढाई करणारा गडी एका दमात जाऊन येतो. लांबलचक वाक्य त्याच्यामागे धावू लागले, तर मध्यरेषेपूर्वीच वाचकाचा दम तुटावयाचा!

त्याच गावात रात्री शक्तीतुऱ्याचा नाच उभा राहिला, की हीच लेखणी निराळ्या चालीने चालली पाहिजे. शक्तीवाले पार्वतीची थोरवी गातात, तुरेवाले शंकराची. मधोमध गाणारे व वाजविणारे, भोवती नाचणाऱ्यांचे रिंगण. येथे गुणफलक नसतो. शाहिराने सवाल कसा टाकला, जवाब ऐकून श्रोते कसे डोलले, ढोलकीची लय कोठे वाढली, हे सावकाश, रंगवून लिहावे. नाटकाविषयी लिहिताना तर आणखी एक पथ्य असते: शेवट सांगून टाकावयाचा नाही. सामन्याच्या बातमीत जे आधी सांगावयाचे, ते येथे राखून ठेवावयाचे.

1962 साली ‘महाराष्ट्र टाइम्स’ हे दैनिक सुरू झाले. त्यात वि. वि. करमरकर यांनी क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो या देशी खेळांनाही आस्थेने जागा दिली. मराठी खेळांची बातमी मराठमोळ्या शब्दांत वाचण्याची गोडी त्यामुळे वाचकांना लागली.

क्रीडावार्ताहरांना युद्धाचे शब्द मात्र फार प्रिय! पोलादपूर तालुक्यात उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. 1670 साली सिंहगड घेताना ते धारातीर्थी पडले. निदान त्यांच्या तालुक्यात तरी बाद झालेल्या गड्याविषयी ‘धारातीर्थी पडला’ असे लिहू नये. तो थोड्याच वेळात पुन्हा मैदानात उतरावयाचा असतो. तसेच, दोन गुणांनी हरलेल्या संघाचा ‘धुव्वा उडाला’ असे छापले, तर ते खोटे तर होतेच. शिवाय त्या संघातील मुलाला ते कात्रण मुंबईच्या वडिलांकडे पाठविताही येत नाही.