हवेतील धूळ, वायू आणि त्यांची परिभाषा

चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील गडचांदूरचा सिमेंट उद्योग परिसरातील चुनखडीवर उभा आहे. हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की प्रथम धुळीचा उल्लेख होतो, कारण ती पिकांच्या पानांवर डोळ्यांना दिसते. तथापि दिसते तेवढेच प्रदूषण नव्हे. म्हणूनच हवेच्या तपासणी अहवालातील काही संज्ञांचा अर्थ ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

‘पीएम १०’ म्हणजे १० मायक्रोमीटर वा त्याहून कमी व्यासाचे कण. खाणकाम, दगड भरडणे व वाहतूक यांतून ते मोठ्या प्रमाणावर उडतात. ‘पीएम २.५’ हे त्यांतील अतिसूक्ष्म कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. पानावर बसणारी भरड धूळ त्या मानाने कमी घातक म्हणावी लागेल.

भट्टीत चुनखडी तापली की तिचे विघटन होते. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो चुना मिळतो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातात. धूळ अडविणाऱ्या गाळणीला हा वायू अडविता येत नाही. भट्टीच्या प्रखर ज्वालेत हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. कोळशातील गंधकाचा बराचसा भाग मात्र भट्टीतील चुनाच शोषून घेतो. औष्णिक वीजकेंद्राच्या बाष्पकात ही सोय नसते.

धुराड्यातून थेट बाहेर पडतात ते प्राथमिक प्रदूषक. हवेत रासायनिक क्रियेने घडतात ते दुय्यम प्रदूषक. सल्फर डायऑक्साइडपासून काही तासांत वा दिवसांत सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. वायू म्हणून निघालेला पदार्थ वाऱ्याबरोबर दूर जाऊन कण होतो. त्यामुळे गावाजवळ धुराडे नाही, एवढ्यावरून तेथील हवा शुद्ध ठरत नाही.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार एका घनमीटर हवेत पीएम १० ची २४ तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम व वार्षिक सरासरी ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. पीएम २.५ साठी हेच आकडे ६० व ४० आहेत. अहवालातील आकडा कोणत्या मुदतीचा, हे प्रथम पाहावे. ऋतूही पाहावा. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असते. या ‘तापमानाच्या विपरीततेमुळे’ प्रदूषके वर न जाता खालीच कोंडतात. पावसाळ्यातील नोंद हिवाळ्याला लागू पडत नाही, ती याचमुळे.