ट्रायपॉडवरील जड लेन्स आणि तिची पकड

पावसाळा सरून थंडी पडू लागली म्हणजे भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या काठी पक्षी पाहण्यास येणाऱ्या मंडळींत हातभर लांबीच्या लेन्स घेतलेली माणसे हमखास आढळतात. आमच्या शाळेतील कित्येक मुलांसही या छंदाने वेड लावले आहे. एका हिवाळ्यात आम्ही काही विद्यार्थ्यांस घेऊन भोरहून त्या काठी गेलो असता एकाने वडिलांकडून मागून आणलेली मोठी लेन्स ट्रायपॉडवर चढविली. तिच्या तळाची पट्टी त्याने पकडीत सरकविली, खटका दाबला, 'खट्' असा आवाज ऐकला आणि निर्धास्तपणे हात सोडला. पट्टी एका कडेनेच पकडीत बसली होती. लेन्स कलली, घसरली, आणि गळ्यातील पट्टा मुलाने काढला नव्हता म्हणूनच ती खालच्या खडकावर न आपटता अधांतरी लोंबत राहिली. घरी गेल्यावर वडील रागावले नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, "आवाज ऐकलास, पण ओढून पाहिलेस का?" प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

प्रथम वजनाचा विचार करू. सोनी कंपनीची २०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स सुमारे २.१ किलोग्रॅम भरते. सिग्माची १५० ते ६०० मिलिमीटरची हलकी समजली जाणारी लेन्सही १.९ किलोग्रॅमहून अधिक आहे. आणि कॅननच्या ६०० मिलिमीटर लेन्सची दुसरी आवृत्ती तर ३.९ किलोग्रॅमची होती. तीत कॅमेऱ्याचे वजन मिळवावे लागते ते वेगळेच. अशी लेन्स लावलेला कॅमेरा त्याच्या स्वतःच्या बुडातील स्क्रूने ट्रायपॉडवर बसविणे म्हणजे लांब वासा एका टोकास धरून उचलण्यासारखे आहे. सारा ताण कॅमेरा व लेन्स यांच्या सांध्यावर येतो. म्हणून जड लेन्सला स्वतःची कॉलर व तिच्या खाली एक पाय दिलेला असतो. ट्रायपॉडशी जोडावयाचा तो हा पाय, कॅमेरा नव्हे.

हा पाय थेट स्क्रूने आवळता येतो. सामान्य स्क्रू पाव इंच व्यासाचा व इंचास २० आट्यांचा असतो. जड सामानास तीन अष्टमांश इंचाचा, इंचास १६ आट्यांचा वापरतात. परंतु दर वेळी स्क्रू फिरवीत बसले तर खंड्या मासा घेऊन केव्हाच उडून जातो. त्यावर उपाय म्हणून एक पट्टी लेन्सच्या पायास कायमची आवळून ठेवतात आणि ट्रायपॉडच्या डोक्यावर तिला धरणारी पकड बसवितात. यासच क्विक रिलीज प्लेट व क्लॅम्प म्हणतात.

या पट्ट्या मुख्यतः दोन जातींच्या. एक, प्रत्येक कारखान्याची आपापली लहान चौकोनी पट्टी, जी स्प्रिंगच्या खटक्याने बसते. साध्या कॅमेऱ्यास ती उत्तम. जड लेन्सखाली मात्र ती आखूड पडते व डुगडुगते. दुसरी, आर्का-स्विस या कंपनीने रूढ केलेली लांब पट्टी. हिच्या दोन्ही कडा सुमारे पंचेचाळीस अंशांत तासलेल्या असून ती खाली रुंद व वर निमुळती असते. क्लॅम्पचे दोन जबडे त्या तिरप्या कडांवरून आत सरकले की पट्टी नुसती दोहोंकडून दाबली जात नाही, तर खालीही ओढली जाते. जितके आवळावे तितकी ती तळाशी घट्ट बसते. जड लेन्ससाठी हिचीच निवड करावी असे आमचे स्पष्ट मत आहे. टॅमरॉनच्या १५०-६०० लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पायालाच असा आकार दिलेला आहे, त्यामुळे तिला निराळी पट्टी लागत नाही.

तथापि येथे एक खाचखळगा आहे, आणि आमचा विद्यार्थी त्यातच फसला. ही रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर असते खरी, पण सर्व कारखान्यांनी ती काटेकोर पाळावी असे कोणतेही बंधन नाही. एका कारखान्याची पट्टी दुसऱ्याच्या क्लॅम्पमध्ये केसभर सैल किंवा केसभर अरुंद ठरू शकते. खटक्याचा क्लॅम्प ठराविक अंतरच मिटतो. पट्टी अरुंद असली तर खटका पूर्ण बंद होतो, आवाजही येतो, पण पकड येत नाही. स्क्रूचा क्लॅम्प हळू चालतो, मात्र जशी पट्टी असेल तसा आवळला जातो आणि तो पुरेसा आवळला की नाही हे बोटांस कळते. पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याने स्क्रूचाच घ्यावा. खटक्याचा घेणे असल्यास पट्टीही त्याच कारखान्याची घ्यावी, आणि दुकानात स्वतःची लेन्स नेऊन बसवून पाहावी.

पट्टीची लांबी किती असावी? दहा ते पंधरा सेंटीमीटरची पट्टी बहुधा पुरते. कारण लांबीचा उपयोग तोल साधण्यासाठी आहे. कावड वाहणारा मनुष्य एका बाजूची घागर जड झाली की खांदा त्या बाजूस सरकवितो, तसेच येथे करावयाचे. गणित सोपे आहे. लेन्स व कॅमेरा मिळून ३ किलोग्रॅम असून गुरुत्वमध्य आधारापासून ५ सेंटीमीटर पुढे गेला, तर क्लॅम्पवर पडणारे परिबल हे १५ किलोग्रॅमचे वजन १ सेंटीमीटर अंतरावर टांगल्याइतके होते. पट्टी मागे सरकवून ते अंतर शून्यावर आणले की हा बोजा नाहीसा होतो. तोल पाहताना कॅमेरा जोडलेला असावा आणि लेन्स ज्या लांबीवर वापरावयाची त्या लांबीवर असावी. कारण कित्येक लेन्सचे नळकांडे झूम करताना बाहेर येते व गुरुत्वमध्य पुढे जातो. वर सांगितलेली सोनीची लेन्स आतल्या आत झूम होत असल्याने तिचा तोल फारसा बिघडत नाही. तोल जमला त्या ठिकाणी पट्टीवर रंगाची बारीक खूण करून ठेवावी. पुढे हा तोल गिंबल नावाच्या झोपाळ्यासारख्या डोक्यावर फारच उपयोगी पडतो. लेन्स जेथे सोडाल तेथेच थांबते.

पट्टी एकाच स्क्रूने पायास लावली असेल, तर लेन्स वळविताना ती स्क्रूभोवती फिरू पाहते आणि हळूहळू सैल होते. म्हणून दोन स्क्रूंची, नाहीतर पायाच्या कडेस टेकणारा ओठ असलेली पट्टी निवडावी. ॲलन की खिशात असावी. पट्टीच्या दोन्ही टोकांस खालून बारीक स्क्रू असतात, ते अडथळा करतात म्हणून पुष्कळजण काढून टाकतात. हे करू नये. क्लॅम्प चुकून थोडा ढिला झाला तर घसरणारी पट्टी त्यांनाच अडते. मात्र जबडे पूर्ण उघडले असता हे स्क्रूही लेन्स वाचवू शकत नाहीत.

आता आपल्या मुलखाविषयी. फुगवट्याचे पाणी उतरले की काठी चिखल राहतो. त्यात रोवलेला ट्रायपॉड पाहून आम्हांस शुभवर्तमानातील वाळूवर घर बांधणाऱ्याची आठवण होते. पायांखाली चपटे दगड द्यावेत. चिखलाचा एक कणही जबड्यात राहिला तर पट्टी तिरपी बसते, यास्तव जवळ दात घासण्याचा जुना ब्रश ठेवावा. वेल्ह्याहून तोरणा चढावयाचा असेल (गड १,४०३ मीटर उंच आहे), तर लेन्स लावलेला ट्रायपॉड खांद्यावर टाकून चालू नये. प्रत्येक पावलाचा हिसका क्लॅम्पला बसतो आणि लेन्स पाठीमागे असल्याने ती सैल झालेली दिसतही नाही. लेन्स पिशवीत ठेवावी व वर पोचल्यावर चढवावी.

पालकांस एक सांगणे आहे. मुलाने हट्ट धरला म्हणून लगेच महागडे डोके घेण्याची निकड नाही. जाड कापडाच्या पिशवीत शेर-दोन शेर तांदूळ भरून ती गाडीच्या खिडकीवर किंवा बांधाच्या दगडावर ठेवली, तर तीवर जड लेन्स सुरेख विसावते. भोर-वेल्ह्याच्या घरात तांदळास तोटा नाही! पैसे साठतील तेव्हा प्रथम चांगली पट्टी व क्लॅम्प घ्यावा, डोके मागाहून.

आता आमच्या सहलींत अशी रीत आहे की, पट्टी बसविल्यावर एक हात लेन्सखाली ठेवूनच दुसऱ्याने ती वर, पुढे व मागे ओढून पाहावयाची. मग शेजारच्या मुलाने तेच पुन्हा करावयाचे. आणि त्यानंतरच गळ्यातील पट्टा काढावयाचा. त्या दिवशी ज्याची लेन्स लोंबली होती, तो मुलगा हल्ली इतरांच्या लेन्स ओढून पाहण्याचे काम मोठ्या कडकपणे करतो, आणि आमचीही सुटका होत नाही.